सावदा-भुसावळचा ३.३ चा धक्का आणि पुढचे पंधरा दिवस: एक प्रकरण अभ्यास

२७ जानेवारी २०२३, शुक्रवार, सकाळी साधारण १० वाजून ३५ मिनिटं. जळगाव जिल्ह्यात भुसावळ, सावदा आणि आजूबाजूच्या गावांत काही सेकंद जमीन हलली. नाशिकच्या मेरीत (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) नोंद झाली ती ३.३ रिश्टरची. माणूस दगावलं नाही, घर पडलं नाही, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक कॉलम आला आणि विषय संपला. कोयनेकडच्या माणसाला सांगाल तर तो म्हणेल एवढ्यासाठी लेख कशाला लिहितो, आमच्याकडे असे किती येतात किती जातात. पण आमच्याकडे येत नाहीत ना, तोच मुद्दा आहे. ज्या भागात दोन पिढ्यांना पायाखालची जमीन हलते हे माहीतच नाही तिथे अचानक हलली तर लोक काय करतात, काय बोलतात, कोणावर ढकलतात, हे मला जवळून बघायला मिळालं, कारण मी सिव्हिलवाला आहे, सावदा-फैजपूर-रावेर पट्ट्यात घरांची कामं बघतो, आणि त्या दिवशी दुपारपासून माझा फोन तापला होता. "भाऊ, जरा भिंत बघून जा."

तर हे त्याच पंधरा दिवसांचं टिपण.

पहिली दोन मिनिटं

आधी एक गोष्ट. त्या वेळी "भूकंप" हा शब्द मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या कोणाच्याच डोक्यात पहिल्यांदा आला नव्हता. धक्क्याआधी किंवा सोबतच एक गडगड आवाज झाला असं बऱ्याच जणांनी सांगितलं (उथळ लहान धक्क्यांत हे होतं, जमिनीतली लाट वर येऊन हवेला हलवते आणि ती आपल्याला आवाज म्हणून ऐकू येते). आता आवाज झाला म्हटल्यावर आमच्या माणसाने काय समजायचं? इथे आवाज करणाऱ्या गोष्टींची काही कमी आहे का? दीपनगरला पॉवर स्टेशन, भुसावळला ऑर्डनन्स फॅक्टरी, वरणगावला दुसरी ऑर्डनन्स फॅक्टरी, खदानीतले सुरुंग, जंक्शनवरून दिवसरात्र धावणाऱ्या मालगाड्या. भुसावळचे लोक म्हणाले फॅक्टरीत काहीतरी उडालं. दीपनगरच्या जवळचे म्हणाले बॉयलर गेला. सावद्यात कोणी म्हणालं सिलेंडर फुटला, कोणी म्हणालं ट्रान्सफॉर्मर, आणि स्टेशनच्या बाजूचे तर काहीच म्हणाले नाहीत, त्यांना वाटलं गाडी गेली.

घराच्या आत जे होते त्यांचं वेगळंच. आमच्या गल्लीतल्या एक आजी म्हणतात, "मले त वाटलं बीपी वाढला, सकायची गोळी घेतली का नाई तेच आठवे नाई." चक्कर आली असं वाटणारे बरेच निघाले, त्यात तरुणही होते. शेजारच्या काकू स्वयंपाकघरात होत्या, वरच्या फळीवर स्टीलचे डबे एका रांगेत, प्रत्येक डब्यावर एक पेला पालथा घातलेला, ही आमच्याकडची नेहमीची मांडणी. ते पेले आधी किणकिणायला लागले, मग शेवटच्या डब्यावरचा सरकत सरकत कडेला आला आणि खाली ओट्यावर पडला. काकूंनी काय केलं तर बोक्याला शिव्या घातल्या. बोका घरात नव्हताच, तो समोरच्या पत्र्यावर ऊन खात बसला होता, हे त्यांना नंतर दिसलं.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. माणूस आधी ओळखीच्या गोष्टीकडे बोट दाखवतो, बोका, बीपी, बॉयलर. याला कोणी अडाणीपणा म्हणेल पण मी म्हणणार नाही, कारण त्या बाईच्या आख्ख्या आयुष्यात पेला पडण्यामागे ९९ वेळा बोकाच होता. अडचण एवढीच की शंभराव्या वेळी त्या तीन-चार सेकंदात जे करायचं असतं (टेबलाखाली जाणं, फळीपासून लांब होणं, डोकं झाकणं) ते होतच नाही. धक्का मोठा असता तर डबेही आले असते, फळीही आली असती, आणि काकू तिथेच उभ्या होत्या.

आणखी एक मजा. जे बाइकवर होते, शेतात होते, केळीच्या कटाईवर होते, त्यांना काहीच कळलं नाही. एवढ्या लहान धक्क्यात हे असंच होतं, घरात शांत बसलेल्याला, त्यातही वरच्या मजल्यावरच्याला जाणवतं आणि चालत्या माणसाला पत्ताही लागत नाही. मग घरी आल्यावर भांडणं. बायको म्हणते हाललं, नवरा म्हणतो तुला भास झाला, आम्ही सगळे खळ्यात होतो एकालाही कळलं नाही. दुपारी टीव्हीवर पट्टी आली तेव्हा नवरे गप्प झाले. आणि संध्याकाळी चौकात उभा होतो तर हेच नवरे सांगत होते की "मले तवाच जाणवलं होतं भो, पाय असे झिणझिणले." रात्रीपर्यंत पूर्ण तालुक्यात एकही माणूस असा उरला नव्हता ज्याला धक्का जाणवला नाही. म्हणून कोणी असल्या घटनेचा सर्व्हे करणार असेल तर पहिल्या दोन-तीन तासात करावा, नंतर माणसं आठवण सांगत नाहीत, गावाची गोष्ट सांगतात.

नाव कळल्यावर

धक्का संपला काही सेकंदात. भीती सुरू झाली त्यानंतर बऱ्याच वेळाने, म्हणजे भूकंप होता हे नाव कळल्यावर. हा क्रम मी स्वतः बघितला. अकरा वाजेपर्यंत लोक निवांत होते, काहीतरी उडालं असेल म्हणून फोनाफोनी चालू होती, काही जण तर फॅक्टरीच्या दिशेने धूर दिसतो का बघायला गच्चीवर गेले होते (भूकंपानंतर गच्चीवर जायचं नसतं, पण त्यांना कुठे माहीत होतं). मग ग्रुपवर मेसेज पडायला लागले. आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचला जाणारा ग्रुप म्हणजे केळी भावाचा, रोज रावेरचा बोर्ड भाव आणि बऱ्हाणपूरचा भाव त्यावर येतो, थंडीच्या चरक्याने किती घड गेले, कोणाला गाडी भरायची आहे, असं सगळं. त्या दिवशी भाव कोणी विचारेना. "तुमच्याकडे हाललं का" याच्यावर "हो" "हो भाऊ" "जोरात" असे मेसेज एकाखाली एक.

आणि मग घरं रिकामी व्हायला लागली. धक्का होऊन अर्धा-पाऊण तास झालेला, जमीन शांत, आणि आता लोक बाहेर. बाया ओट्यावर बसल्या, म्हाताऱ्यांना खुर्च्या टाकून रस्त्याकडेला बसवलं, कोणी गॅस बंद करायला परत आत पळालं. सगळ्यात जास्त गोंधळ शाळेबाहेर. आईबाप मुलांना घ्यायला निघाले ते सगळे एकदम, बाइकवर, त्यात दोन रिक्षा, एक केळीचा ट्रक अडकलेला, हॉर्न चालू. मास्तर लोकांनी पोरांना मैदानात रांगेत बसवून ठेवलं होतं, ते अगदी बरोबर होतं, पण पालक गेट लोटून आत शिरत होते आणि आपलं पोरगं ओढून नेत होते आणि नेऊन कुठे ठेवणार तर त्याच घरात जिथून स्वतः बाहेर आले. त्या पूर्ण दिवसात कोणाला खरंच इजा होण्याची जागा मला कुठे दिसली असेल तर ती शाळेच्या गेटवर.

तारखेमुळे पण भर पडली. आदल्या दिवशी २६ जानेवारी, आणि पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला २६ जानेवारी म्हटलं की २००१ चं भूज आठवतं. सकाळी पावणेनऊला, झेंडावंदनाच्या वेळेला आला होता तो, ७.७ चा, आणि शेकडो किलोमीटर लांब सुरतमध्ये पण इमारती पडल्या होत्या. सुरत म्हणजे आमच्यासाठी परकं गाव नाही, अर्ध्या खान्देशची पोरं तिथे कामाला, आणि नदीही तीच, आमच्याकडून जाणारी तापी तिथे समुद्राला मिळते. एका नानांनी लगेच जोडून टाकलं की काल बरोबर बावीस वर्षं झाली, आज इकडे सरकला. असं काही सरकत नसतं, पण ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला होता हे खरं.

मग किल्लारी निघाली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक थकून झोपलेले, आणि दहा हजाराच्या आसपास माणसं गेली. ते सगळ्यांना तोंडपाठ आहे, इथून कपडे-धान्य गोळा करून पाठवलेलं आठवणारे लोक अजून आहेत. त्यामुळे रात्रीची भीती जास्त. भूकंप रात्री येतो, झोपेत येतो, हे मनात पक्कं.

नेमकं याच भीतीवर दुपारी तो मेसेज आला. नासाचं नाव, रात्री २ ते ४ मध्ये मोठा धक्का, मोबाइल बंद ठेवा, घराबाहेर झोपा, जास्तीत जास्त लोकांना पाठवा. दरवेळी हाच मेसेज असतो, फक्त गाव बदलतं. मी चार ग्रुपवर लिहिलं की जगात कुठेच कोणालाच भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही, नासाला पण नाही, जपानला पण नाही. त्यावर एकाचं उत्तर, "भाऊ, खोटं असलं तरी एक रात बाहेर झोपायले काय जातं?" याला काय बोलणार. जानेवारीअखेरची थंडी, केळीची पानं करपवणारी, आणि त्या रात्री अंगणात गोधड्या, शेकोट्या, काही जण गाडीत सीट मागे करून झोपले. एक आबा मात्र घरातच झोपले. म्हणे मोठा येयाचा असता त आधी चिठ्ठी धाडून येत नसता.

आता प्रशासनाचं. त्यांचा मेसेज आला, पण यायला उशीर झाला आणि आला तो नेहमीचा, नागरिकांनी घाबरून जाऊ नये, अफवांवर विश्वास ठेवू नये. चूक काहीच नाही त्यात. पण वाचणाऱ्याने करायचं काय? अफवेचा मेसेज निदान काहीतरी काम सांगत होता, बाहेर झोपा, मोबाइल बंद करा, चार जणांना कळवा. सरकारी मेसेज म्हणत होता काही करू नका. घाबरलेल्या माणसाला काम लागतं हाताला, ते जो देईल त्याचं तो ऐकतो. त्याच मेसेजमध्ये चार ओळी जास्त टाकल्या असत्या, की धक्का लागला तर पळू नका टेबलाखाली जा, पलंगाच्या डोक्याशी असलेलं जड सामान आज खाली उतरवा, थांबल्यावर गॅसचं बटण बंद करून मोकळ्या जागेत या, लहान धक्के परत येऊ शकतात, तर लोकांनी त्या रात्री शेकोटीऐवजी माळे रिकामे केले असते असं माझं मत आहे.

आणि "काही नाही, लहान आहे" एवढं बोलून सोडणं पण बरोबर नाही. किल्लारीला मोठा भूकंप येण्याआधी वर्षभर, १९९२ च्या ऑगस्टपासून, लहान लहान धक्के बसत होते. लोकांना सवय झाली. बहुतेक ठिकाणी लहान धक्के येऊन विरून जातात हे खरंच आहे, पालघरकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून किती बसले. पण "बहुतेक" हा शब्द लोकांना सांगायला हवा, तो गाळला की एक तर अंगणात झोपतात नाहीतर पूर्ण विसरतात.

भेगा

माझं काम इथून सुरू झालं. दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळपासून फोन. प्रत्येकाच्या घरात भेग सापडली होती. जन्मात कधी स्वतःच्या भिंतीकडे निरखून न बघितलेली माणसं बॅटरी घेऊन कोपरे तपासत होती, आणि भिंत निरखून बघितली की भेग सापडतेच, ही आमच्या भागातली खात्रीची गोष्ट. कारण तापीकाठची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या चिरा पडतात तिला, आणि तिच्यावर पाया उथळ भरलेला असला की भिंत दरवर्षी थोडी वर, थोडी खाली. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग ही इथे दर तिसऱ्या घरात आहे. भूकंपाचा तिच्याशी काही संबंध नाही.

पण हे तोंडी सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. एका घरी आख्खं कुटुंब भेगेसमोर उभं, मालक म्हणे काल पडली, परवा नव्हती, देवाची शपथ. मी मोबाइलची लाइट मारली आणि खिळ्याने भेगेच्या आतून थोडं खरवडलं. आतून निघाला मोती कलरचा डिस्टेंपर. मी विचारलं हा रंग कधीचा? सगळे गप्प, मग त्यांची सून हळूच म्हणाली, मागच्या दिवाळीचा. म्हणजे रंग मारला तेव्हा भेग होती आणि पेंटरने रंग आत भरला. जुन्या भेगेत रंग असतो, धूळ असते, कोळ्याचं जाळं असतं, कडा मऊ झालेल्या असतात. नवीन भेगेच्या कडा करकरीत, आतला भाग स्वच्छ, आणि खाली फरशीवर पिठासारखा चुरा पडलेला. एवढं बघितलं तरी निम्म्या फोनचा निकाल घरबसल्या लागतो.

ज्यांची तरी समजूत पटत नव्हती त्यांच्या भेगेवर आडवं प्लास्टर ऑफ पॅरिसचं बोटभर थापण लावून दिलं आणि वर तारीख लिहिली. थापण तडकलं तर भेग अजून चालू आहे, नाही तडकलं तर शांत. ही जुनी पद्धत, फुकट, आणि तिचा दुसरा फायदा हा की माणसाला बघायला काहीतरी मिळतं, रोज सकाळी उठून तारीख बघतो आणि निवांत होतो. बरीच थापणं पुढे मे महिन्यात तडकली, माती वाळली तेव्हा, आणि तेव्हा कोणी फोन केला नाही.

फोनमध्ये एक प्रश्न हमखास यायचा. "पंचनामा होईल का?" आधी मला हसू आलं. नंतर विचार केला तर हे एकदम सरळ आहे. आमच्या माणसाला आपत्ती म्हणजे काय माहीत आहे? मे-जूनचं वादळ आणि गारपीट. उभी केळी आडवी होते, दुसऱ्या दिवशी फोटो काढायचे, तलाठ्याला फोन, कृषी सहाय्यक, पंचनामा, मग यादीत नाव आलं का बघत बसायचं. त्या वळणाने डोकं चालतं. भूकंप आला तर त्याला पण तोच रस्ता लावला, फोटो, तलाठी, पंचनामा. काही जणांनी तर भेगेशेजारी पेपर धरून फोटो काढले, तारीख दिसावी म्हणून, वादळात काढतात तसे. वादळात एक बरं असतं, आभाळ भरून येतं, वारा सुटतो, मोबाइलवर इशारा येतो, निदान जीव वाचवायला वेळ मिळतो. भूकंपात जे करायचं ते आधी करून ठेवायचं असतं, घर बांधतानाच, आणि नंतर पंचनाम्याशिवाय हातात काही उरत नाही. हा फरक समजावून सांगायला त्या आठवड्याएवढी चांगली वेळ परत मिळणार नव्हती. माझ्याच्याने झालं तेवढं ओट्यावर बसून बोललो, पण गावसभा, शाळा, असं कुठे काही झाल्याचं मी बघितलं नाही.

दोष कोणाचा

तिसऱ्या-चौथ्या दिवशी चर्चा या वळणावर आली. तापीवरच्या हतनूर धरणामुळे झाला, हे एक नंबरचं मत. कोयना धरण आणि कोयनेचा १९६७ चा भूकंप लोकांना माहीत आहे, म्हणून धरण म्हणजे भूकंप हे समीकरण डोक्यात. पण कोयना धरण १०३ मीटर उंच, हतनूर त्यामानाने बुटकं, पसरट, ४१ दरवाजांचं, आणि वर गाळाने भरलेलं. त्याच्या पाण्याने हे झालं असं म्हणायला कोणताही पुरावा नाही. दुसरं मत बोअरचं, जमिनीतलं पाणी उपसून उपसून पोकळ केली. यावल-रावेर पट्ट्यात केळीने पाणी किती खोल नेलं हे सगळ्यांना दिसतं, त्याबद्दलची टोचणी सगळ्यांना आहेच, त्यामुळे धक्का लागल्यावर ती टोचणी बाहेर आली. म्हाताऱ्या बायांचं सोपं, धरतीमायनं कूस बदलली. खरं सांगायचं तर तिन्हींत मला हेच सत्याच्या जास्त जवळ वाटतं.

कारण खान्देश शांत आहे ही आपली समजूत आहे, जमिनीची नाही. नर्मदा आणि तापी दोन्ही नद्या मुळात भूकवचातल्या भेगांच्या पट्ट्यातून वाहतात, पश्चिमेकडे, सरळ रेषेत, सातपुडा मधे उचललेला. नकाशा उघडून बघितला तरी डोळ्यांना कळतं. चोपडा तालुक्यात उनपदेवला गरम पाणी वर येतं, थंडीत आपण सगळे जाऊन अंघोळी करून आलोय, ते पाणी खोल भेगांतूनच येतंय. याच पट्ट्यावर पुढे पूर्वेला १९९७ च्या मे महिन्यात जबलपूरला ५.८ चा झाला. पश्चिमेला १९७० च्या मार्चमध्ये भडोचला झाला. आणि आपल्या दारातच, १४ मार्च १९३८ ला, सातपुड्यात ६.३ चा. तो खूप खोल होता, चाळीसेक किलोमीटर, म्हणून ताकदीच्या मानाने नुकसान कमी झालं आणि म्हणूनच तो कोणाच्या आठवणीत राहिला नाही. ज्यांना आठवत होता ती पिढी गेली. मी नव्वदीच्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं, एकाला काहीच माहीत नाही, दुसरे म्हणाले आजोबा काहीतरी सांगायचे.

३.३ आणि ६.३ मध्ये आकड्यात फरक तीनचा. रिश्टरमध्ये एक आकडा वाढला की जमिनीचं हलणं दहापट आणि बाहेर पडणारी ऊर्जा साधारण बत्तीसपट, म्हणजे तीन आकड्यांत हलणं हजारपट आणि ऊर्जा बत्तीस हजार पटीच्या घरात. हे ओट्यावर सांगितलं तेव्हा थोडा वेळ सगळे गप्प बसले होते, मग एकाने विचारलं, "मंग त्या टायमाले केळी नसतीन ना एवढ्या?" आणि गाडी परत केळीवर गेली.

भूकंपाच्या तेव्हाच्या सरकारी नकाशात पण जळगाव, धुळे, नंदुरबार झोन तीनमध्ये होते, म्हणजे मध्यम धोक्यात. किल्लारी तर १९९३ ला सगळ्यात सुरक्षित अशा झोन एकमध्ये धरलेली होती, नंतर तो झोनच नकाशातून काढून टाकला. वर आमची ही नदीकाठची गाळाची जमीन, सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत शेकडो फूट खोल माती, केळीला सोनं, पण हलली की कडक खडकापेक्षा जास्त हलणारी.

६ फेब्रुवारी

आठवडाभरात सगळं थंड झालं होतं. ग्रुपवर परत भाव, परत लग्नपत्रिका. आणि मग ६ फेब्रुवारीला तुर्कस्तान. पहाटे ७.८, त्याच दुपारी ७.५, तिकडे आणि सीरियात मिळून पन्नास हजारावर माणसं गेली. एरवी एवढ्या लांबची बातमी आमच्याकडे दोन दिवस चालली असती. पण दहाच दिवसांपूर्वी स्वतःच्या घरातला पेला पडलेला होता ना. लोक ते व्हिडिओ वेगळ्या नजरेने बघत होते. त्यातच नेदरलँड्सच्या कोण्या माणसाचा व्हिडिओ फिरला, त्याने तुर्कस्तानचं आधी सांगितलं होतं म्हणे आणि आता आपल्याकडचा नंबर. परत नासाचंच प्रकरण, फक्त माणूस गोरा आणि मागे ग्रहांचं चित्र.

पण या दुसऱ्या लाटेत एक फरक होता, आणि माझ्या मते पूर्ण प्रकरणात कामाची गोष्ट हीच. पहिल्या वेळी लोक विचारत होते "परत येईल का?" आता विचारत होते "आपली बिल्डिंग टिकेल का?" त्यांनी मजल्यावर मजला बसलेला बघितला होता, खालची पार्किंग चेपून गेलेली बघितली होती, आणि जळगावात फ्लॅट घेतलेल्या पोरांचे मला फोन यायला लागले की आमच्या बिल्डिंगला खाली नुसते कॉलम आहेत, भिंतीच नाहीत, ते चालतं का. हा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. खाली मोकळी पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले जड मजले, हिशोब न करता उभे केलेले असतील तर पहिला मार तिथेच बसतो. परत येईल का याचं उत्तर कोणाकडेच नाही, टिकेल का याचं उत्तर ड्रॉइंग बघून, कॉलम मोजून, सळई तपासून देता येतं.

गावातल्या घरांचं दुखणं वेगळं. जुनी धाब्याची घरं, जाड मातीच्या भिंती, वर लाकूड आणि त्यावर फूटभर मातीचा थर, उन्हाळ्यात गारेगार. किल्लारीला माणसं मेली ती असल्याच वजनाखाली, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरची माती. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून नवीन माती टाकतात, जुनी उतरवत नाहीत, वजन वाढत जातं. मी सांगितलं आधी वरची माती कमी करा, त्याला पैसे लागत नाहीत, माणूस लावला की दोन दिवसाचं काम. ऐकलं तीन-चार घरांनी. नवीन घरांत भीती कठड्याची, नुसत्या अर्ध्या विटेचा चार फूट उंच कठडा रस्त्याच्या बाजूला, त्यावर कुंड्या, आणि गच्चीच्या कोपऱ्यात विटांच्या खांबांवर उभी हजार लिटरची टाकी. कुंड्या उतरल्या, टाक्या तिथेच आहेत.

आणि पट्टा. भिंतींच्या घरात दरवाजा-खिडक्यांच्या वर, सगळ्या भिंतींवरून न तोडता फिरवलेला आरसीसीचा पट्टा, आत दोन नाहीतर चार सळया, सहा एमएमच्या रिंगा, आयएस ४३२६ मध्ये (भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाचं भारतीय मानक) सगळं लिहिलेलं आहे. त्याने चारही भिंती एकमेकींना धरून राहतात. आमच्याकडे लिंटल (दार-खिडकीच्या वरची आडवी तुळई) टाकतात, पण खिडकीपुरतं, तुकड्या-तुकड्यात. त्या फेब्रुवारीत ज्यांचं काम चालू होतं त्या सगळ्यांना मी पट्टा सांगितला. एस्टिमेट बघून बहुतेकांनी "बघू" म्हटलं, एकाने त्याच पैशात पुढच्या भिंतीला टाइल्स लावल्या, तुर्कस्तानच्या बातम्या बंद झाल्या तसा "बघू" पण बंद झाला.

फैजपूरकडे एकाने टाकला. तिथे पण मिस्त्री कोपऱ्यावर सळी तोडत होता, कारण वाकवून पुढच्या भिंतीत न्यायला वेळ जातो आणि वरून काँक्रीट पडलं की कोणाला दिसत नाही. पट्ट्याचा जीव त्या कोपऱ्यातच असतो, त्यामुळे चारही कोपरे माझ्यासमोर वाकवून बांधून होईपर्यंत मी साइट सोडली नाही, मिस्त्री दिवसभर तोंड वाकडं करून होता. काँक्रीट झाल्यावर मालक एकदम खूश, मला चहा दिला आणि विचारलं, "भाऊ, आता एवढा पट्टा टाकलाच आहे तर वर दोन मजले चढवता येतीन ना?"